पाणपक्ष्यांची नोंद ग्रामसभेच्या वहीत झाली पाहिजे



जमिनीच्या दाव्यांचं काम अर्धवट असताना आपल्या पत्रकात पक्ष्यांवर लेख कशाला, असं काही जण म्हणतील. गावात विषय काढला तेव्हा म्हणालेही. "आधी सातबारा, मग बगळे." बोलणं चुकीचं नाही. पण आम्हाला वाटतं की बगळ्यांचा विषय आता सातबाऱ्यापासून वेगळा राहिलेला नाही. अभयारण्य जाहीर होतं ते पक्षी-प्राण्यांच्या नावानं. दावा अडवला जातो तोही त्यांच्याच नावानं. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्या लोकांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला, तो वन्यजीव वाचवू म्हणणाऱ्या संघटनांच्या याचिकेवर. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली म्हणून लाखो घरं जागेवर राहिली.

ज्या पक्षी-प्राण्यांच्या नावानं हे सगळं आपल्या अंगावर येतं, त्यांच्याशी रोजचा संबंध कोणाचा आहे? आपला. त्यांच्या जागा, वेळा, सवयी कोणाला ठाऊक आहेत? आपल्याला. आणि हे सगळं लिहिलेलं कुठं आहे? कुठंच नाही. या लेखात आम्हाला एवढंच मांडायचं आहे. आपल्या नदी-ओहोळांवरचे पक्षी, मासे, त्यांच्या जागा आणि वेळा आपण आपल्या ग्रामसभेच्या वहीत लिहायला लागलं पाहिजे, आणि ती वही सामूहिक दाव्याला जोडली पाहिजे.

शहरातली माणसं नदीवर काय करतात

आम्ही सध्या पुण्यात बिबवेवाडीला खोली करून राहतो. नाव ऐकलं की आपल्याला बिबव्याचं झाड आठवतं, पण इथं आता सोसायट्या, टेकडीच्या अंगावर चढलेल्या वस्त्या आणि जवळच मार्केट यार्ड. आमच्यातले दोघं यार्डात हमाली करतात, बाकीचे शिकतात, आणि दाव्यांच्या फायली घेऊन कचेऱ्यांच्या खेपा सगळेच मारतात. गेल्या थंडीत सुट्टीच्या सकाळी आम्ही मुळा-मुठा नदीवर जायला लागलो. पहिल्यांदा सहज गेलो, मग दर आठवड्याला.

पुण्याचं सांडपाणी जिथं जातं ती ही नदी. आमच्या मोरीतलं पाणीसुद्धा फिरून तिथंच जातं. वास येतो, फेस येतो, काठच्या झाडांना प्लास्टिक लटकलेलं असतं. तरी थंडीत तिथं पक्षी उतरतात. लांब लाल पायांचा शेकाट्या, शेपटी वरखाली करत चालणारा धोबी, चिखलात चोच खुपसणारी तुतारी, काठावर टिटवी, वंचक म्हणजे आपली ढोकरी, पंख पसरून वाळवत बसलेले पाणकावळे आणि विटकरी रंगाच्या चक्रवाकाची जोडी. हा चक्रवाक लडाख-तिबेटच्या बाजूनं येतो आणि थंडी सरली की परत जातो. तो इथं १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून राहतो का, याचा पुरावा त्याला कोणी मागत नाही. मागूही नये, पाहुणा आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना तो मागतात, हे नदीवर उभं राहिल्यावर आठवतंच.

तिथं दुर्बिणी, कॅमेरे आणि वह्या घेऊन माणसं येतात. निवृत्त झालेले काका-काकू, कॉलेजची मुलं, नोकरीवाले. ते नुसतं बघत नाहीत, मोजतात आणि लिहितात. तारीख, वेळ, जागा, कोणता पक्षी, किती. दर जानेवारीत आशियातल्या अनेक देशांत एकाच सुमाराला पाणपक्ष्यांची मोजणी होते. १९८७ पासून हे चालू आहे. पुण्यातल्या नदीची, पुढं कवडीपाटची, भिगवणची मोजणी अशाच हौशी लोकांनी केलेली आहे. पगार नाही, हुद्दा नाही. पण वही आहे.

एका सकाळी टिटवी ओरडायला लागली. आमच्यातली एक जण म्हणाली, "हे माणसाला बघून ओरडणं नाही, मागून कुत्रं येतंय." आलं. शेजारी दुर्बीण घेऊन उभे असलेले काका चकित झाले. त्यांनी विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात आहे?" पुस्तकात कुठं असणार? गुरं राखताना शिकलेली गोष्ट. त्यांनी ती लगेच आपल्या वहीत लिहून घेतली. आता ती त्यांच्या वहीत आहे, आपल्या वहीत नाही. काकांनी काही वाईट केलं नाही. पण आपण का लिहीत नाही, हा प्रश्न तिथून आमच्या डोक्यात बसला.

वहीला वजन कसं येतं

येरवडा-कल्याणीनगरच्या बाजूला नदीकाठी झाडीचा एक पट्टा आहे. पक्षी बघणाऱ्यांनी त्याला डॉ. सालिम अलींचं नाव दिलं आणि त्याला पक्षी अभयारण्य म्हणायला लागले. वन्यजीव कायद्याखाली ते जाहीर झालेलं अभयारण्य नाही. म्हणजे सरकारी कागद नाही, तरी अख्खं पुणं त्याला अभयारण्य म्हणतं. कशाच्या जोरावर? वर्षानुवर्षांच्या याद्यांच्या. त्या जागेला हात लावायचा म्हटलं की याद्या घेऊन माणसं उभी राहतात.

आता पुण्यात नदीकाठ सुधारण्याचा महापालिकेचा मोठा प्रकल्प चालू आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरचा. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हातून त्याचं भूमिपूजन झालं. काठाला बांध, फिरायला रस्ते, बागा असं त्यात आहे. झाडं तुटणार म्हणून २९ एप्रिल २०२३ ला पुण्यातली माणसं नदीकाठी चिपको करायला उतरली. झाडाला मिठी मारून. ही पद्धत मूळची डोंगरातल्या बायांची, उत्तराखंडच्या. शहरानं ती उचलली, चांगलं झालं.

बांध घातला तर पक्ष्यांचं काय बिघडतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. उथळ पाण्यात चालून खाणाऱ्या पक्ष्यांना खोल पाणी चालत नाही आणि दगडी भिंतही चालत नाही. त्यांना लागतो उतरता काठ, त्यावरचा चिखल आणि वीतभर पाणी. लहान चिखल्या पाण्याच्या कडेला धावत टिपतो. तुतारी थोडी पुढं जाऊन चोच खुपसते. शेकाट्याचे पाय लांब म्हणून तो आणखी आत शिरतो. त्याच्याही पुढं चित्रबलाक चोच उघडी धरून पाण्यात फिरवत मासा लागायची वाट बघतो. एकाच काठावर सगळ्यांची पंगत बसते, पण प्रत्येकाचं पान वेगळं. काठ सरळ उभा केला की पंगतच उठते. मग झाडं परत लावली, बाग केली, तरी चिखल परत येत नाही.

दुसरी गोष्ट. पक्षी भरपूर दिसले म्हणजे नदी चांगली, असं नाही. शेकाट्याला घाण पाण्यातले किडे चालतात, तो घाणीतही वाढतो. पण स्वच्छ वाहतं पाणी आणि वाळूची बेटं लागणारा नदी सुरय अशा पाण्यातून निघून जातो. कोणता पक्षी वाढला आणि कोणता गेला यावरून नदीची तब्येत कळते. हे बघायला मशीन लागत नाही. दर वर्षी बघणारा डोळा लागतो आणि मागच्या वर्षीची नोंद लागते.

पाण्याची जागा दाबली की माणसांचं काय होतं, तेही बिबवेवाडीच्या शेजारीच झालं. कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबील ओढा वस्त्यांमधून वाहतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला पूर आला. भिंती पडल्या, माणसं वाहून गेली, गाड्या एकावर एक चढल्या. मेले ते बहुतेक ओढ्याकाठचे गरीब. चिखलाची जागा पक्ष्याची असते तशी पाण्याचीही असते. ती घेतली की पाणी ती परत मागायला येतं.

तीच नदी, वरच्या अंगाला

आता वर बघू. पुण्याची मुळा-मुठा पुढं जाऊन भीमेला मिळते. भीमा उगवते भीमाशंकरला, आपल्या डोंगरात. घोड उगवते आहुप्याच्या बाजूला, डिंभ्याच्या धरणात अडते आणि पुढं भीमेलाच मिळते. हे सगळं पाणी उजनीच्या जलाशयात साठतं. भिगवणजवळ त्याच्या उथळ पसरटीवर थंडीत रोहित पक्षी उतरतात, डोकं उलटं करून चोचीनं चिखल गाळून खातात. ते बघायला मुंबई-पुण्याहून गाड्या येतात. तिथले मच्छीमार आता होडीतून पक्षी दाखवून चार पैसे मिळवतात. ज्यांच्या बापजाद्यांची गावं उजनीत बुडाली, त्यांच्या पोरांना निदान एवढं तरी मिळालं, हेही नोंदवून ठेवू.

म्हणजे रोहित पक्ष्याच्या पाण्याचं एक टोक आपल्या देवराईत आहे. आपण देवराई राखली, उगम राखला. हे खाली भिगवणला होडीत बसलेल्याला कोण सांगणार?

भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं. शेकरूसाठी. शेकरू आपल्या देवराईत आधीच होता, म्हणून तर तो तिथं सापडला. पण जाहीर करताना देवराई कोणी राखली हा प्रश्न कागदावर आला नाही. कागदावर गाव आलं ते 'त्रास' म्हणून. चराई म्हणजे त्रास, सरपण म्हणजे त्रास, खेकडी धरणं म्हणजे त्रास. पक्षी बघायला आलेल्या गाडीला गावात चहा मिळतो, आणि त्याच ओहोळात खेकडी धरणाऱ्या पोराला दम मिळतो. दोघंही पाण्याकडंच बघत असतात. पुण्यात कागद नसताना यादीनं जागा वाचली. आपल्याकडं यादी नव्हती म्हणून दुसऱ्याचा कागद आपल्या डोक्यावर बसला.

आपल्याला काय माहीत आहे ते थोडं मोजून तरी बघू. टिटवीनं अंडी पात्रात खाली घातली की पाऊस कमी, उंच खडकाळ माळावर घातली की जास्त, असं म्हातारी माणसं सांगतात. ते दर वर्षी खरं ठरतं का, हे तपासायलाही नोंदच लागेल. भात कापणीला आलं की धोबी खाचरात उतरतो. पहिल्या पावसात चढणीचे मासे कोणत्या ओहोळानं वर येतात आणि त्यांच्या मागं बगळे कुठं येऊन उभे राहतात, हे कातकरी बांधवांना पाठ असतं. कोणत्या डोहात उन्हाळाभर पाणी टिकतं, खंड्या कोणत्या दरडीत बीळ करतो, पाणकोंबडी कोणत्या लव्हाळ्यात अंडी घालते, हे गुराख्याला माहीत असतं. डोहाला देव मानून तिथले मासे न धरणं हीसुद्धा आपल्याकडची जुनी रीत आहे. महाड तालुक्यात वाळण कोंडीतले मासे देवीचे म्हणून आजही कोणी धरत नाही. त्याला कोणत्या खात्याचा फलक लागला नाही.

हे सगळं तोंडी आहे. म्हातारं माणूस गेलं की त्याच्याबरोबर जातं. आणि कचेरीत तोंडी गोष्टीला 'पुरावा नाही' असा शेरा पडतो.

माणसं हटवून पक्षी वाचतात का

दोन ठिकाणच्या दोन गोष्टी सांगतो.

राजस्थानात भरतपूरला केवलादेव नावाचं पाणपक्ष्यांचं जगभर गाजलेलं ठिकाण आहे. १९८२ मध्ये तिथं म्हशींची चराई बंद केली. बंदी हवी म्हणणाऱ्यांत खुद्द सालिम अली होते. पक्ष्यांबद्दल त्यांचं ज्ञान केवढं मोठं होतं, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली. पुढं सालिम अलींच्याच संस्थेनं, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं, तिथं अनेक वर्षं अभ्यास केला. काय निघालं? म्हशी गेल्या आणि पाणगवत माजलं. गवतानं उघडं पाणी भरून गेलं, आणि कितीतरी पाणपक्ष्यांना जागा उरली नाही. ज्या म्हशींना त्रास समजलं, त्या पक्ष्यांसाठी रोज गवत काढत होत्या. हे गुराख्याला विचारलं असतं तर अभ्यासाआधीच कळलं असतं. पण त्याला विचारायची पद्धत नव्हती, आणि त्याच्याकडं दाखवायला वही नव्हती.

दुसरी गोष्ट नागालँडची, पांगती गावाची. तिथं दोयांग धरणाच्या पाण्यावर अमूर ससाणा नावाचा पक्षी हजारोंनी मुक्कामाला येतो. सायबेरिया-चीनच्या बाजूनं येतो आणि आपल्या देशावरून पुढं आफ्रिकेत जातो. तो पाणपक्षी नाही, पण मुक्काम पाण्याजवळ. २०१२ मध्ये तिथं जाळी लावून हे पक्षी प्रचंड संख्येनं मारले गेले, देशभर बोभाटा झाला. पुढच्याच वर्षी गावांनी स्वतः ठरवून मारणं पूर्ण थांबवलं. कोणाला गावातून हटवावं लागलं नाही. कारण नागालँडमध्ये जमीन आणि जंगल गावाच्या, कुळांच्या मालकीचं आहे, राज्यघटनेच्या ३७१-अ कलमानं त्याला संरक्षण आहे. गावसभेनं ठरवलं की ते होतं. मालकी असलेल्या माणसाला जबाबदारीही समजते.

आपल्या महाराष्ट्रातही आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडं कोहळी लोकांनी बांधलेले जुने तलाव आहेत. तिथल्या ढिवर मच्छीमारांनी तळ्यातल्या देशी पाणवनस्पती ओळखून परत लावल्या. मासे वाढले तसे पक्षीही आले. गोंदियात शेतकरी भातशेतातली सारसाची घरटी सांभाळतात. डिंभे धरणात जमिनी गेलेल्या आपल्याच आदिवासींनी मच्छीमारांची सहकारी संस्था उभी केली, जलाशयात मासे वाढवले, गाळपेर जमीन कसली. तिथं 'शाश्वत' संस्थेनं केलेल्या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. बुडालेल्या जमिनीवरच्या पाण्यावरसुद्धा आपला हक्क सांगता येतो, हे त्यातून शिकायचं.

कायद्यात काय आहे

वनहक्क कायदा २००६ चा. त्यातली ही कलमं पाठ करून ठेवा, कचेरीत उपयोगी पडतात.

कलम ३(१)(घ) : पाणवठ्यातले मासे आणि इतर उत्पन्न, चराई, यांवर सामूहिक हक्क. बऱ्याच गावांनी दाव्यात सरपण, हिरडा, चराई लिहिली आणि नदी लिहायची राहूनच गेली.

कलम ३(१)(झ) : सामूहिक वनसंपत्ती राखणं, सांभाळणं, तिचं व्यवस्थापन करणं हा गावाचा हक्क.

कलम ३(१)(ट) : जैवविविधतेबद्दलच्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्क. म्हणजे टिटवीबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यावर आपला हक्क कायद्यानं मानलेला आहे.

कलम ५ : वन्यजीव, जंगल, जैवविविधता, पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला.

नियम १३ मध्ये पुरावा कोणता चालतो ते दिलं आहे. त्यात मासेमारीच्या जागा, पाण्याचे स्रोत, देवराया, पवित्र तळी आणि नदीकाठच्या जागा हे सगळं येतं. थोर माणसांचं लेखी घेतलेलं म्हणणंही पुरावा म्हणून चालतं. नियम ४ प्रमाणे ग्रामसभेनं वन्यजीव आणि जंगल राखण्यासाठी स्वतःची समिती नेमायची आहे. हा कायदा अभयारण्यातही लागू आहे, ही गोष्ट काही साहेब लोक सोयीनं विसरतात.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलू. शिकारीचा हक्क हा कायदा देत नाही. आपल्या काही वाड्यांत बेचकी, फासे अजून आहेत. काही ठिकाणी ओहोळात कीटकनाशक ओतून मासे मारतात. त्यानं मासा मरतो, त्याची पिल्लं मरतात, तो मासा खाणारा पक्षी मरतो आणि खाली तेच पाणी आपली गुरं पितात. नदीत रोज शहराची घाण सोडणाऱ्याला कोणी विचारत नाही आणि आपल्या पोराला चार माशांसाठी धरतात, हा अन्याय आहेच. म्हणून विष ओतायला मोकळीक मिळत नाही. हे दुसऱ्यानं बंद करायच्या आधी ग्रामसभेनं बंद केलं पाहिजे. नाहीतर कलम ५ आपण कोणत्या तोंडानं मागणार?

एक भीती

एका बैठकीत एक आजी बोलल्या, "पक्षी दाखवाल तर उद्या वाडीच उठवतील." ही भीती खरी आहे, हसण्यावारी नेऊ नये. पण १९८५ ला आपण काही दाखवलं नव्हतं, तरी अभयारण्य झालंच. लपवून वाचलो नाही. उलट आता कायद्याचं कलम ४(२) आहे. हक्क मान्य करण्याची प्रक्रिया पूर्ण झाल्याशिवाय आणि ग्रामसभेची मोकळी, समजून दिलेली, लेखी संमती असल्याशिवाय कोणाला वन्यजीवांच्या नावावर हलवता येत नाही. माणूस आणि पक्षी एकत्र राहतात हे सिद्ध करणारी वही आपल्याकडं असेल, तर 'एकत्र राहू शकत नाहीत' म्हणणाऱ्याला उत्तर देता येईल.

तरी काळजी घ्यायचीच. वही ग्रामसभेच्या ताब्यात राहील. घरटी, अंडी, डोह यांच्या नेमक्या जागा बाहेरच्या प्रतीत लिहायच्या नाहीत. कोणी संस्था, कॉलेज, फोटोवाले माहिती मागायला आले तर ठरावाशिवाय द्यायची नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्याकडची कोणी लिहिली, कोणाला विचारून लिहिली, ते जाऊन वाचा. त्यात आपल्या नद्या नसतील तर तिथंही बोला.

शहरातल्या पक्षी बघणाऱ्यांशी आपलं भांडण नाही. पुण्याच्या नदीसाठी ते झटतात, त्यात आम्ही त्यांच्याबरोबर उभे राहू. मोजायचं कसं, तेच पक्षी दोनदा मोजले जाऊ नयेत म्हणून काय करायचं, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. पण सोबत बरोबरीची हवी. त्यांनीही आपल्या नदीकाठचं झाड आणि आपल्या डोंगरातलं घर यांत फरक करू नये. पुण्यात काठ वाचवायला सह्या गोळा करणाऱ्यानं उद्या वनदाव्यांच्या बाजूनंही सही केली पाहिजे. आम्ही त्यांना हे तोंडावर सांगतो. काही जण ऐकतात, काही विषय बदलतात.

काय करायचं

वहीला खर्च नाही. शंभर पानी वही आणि सुतळीला बांधलेला पेन. सहा रकाने आखा : तारीख, जागा (आपल्या गावच्या नावानं, जसं आपण म्हणतो तसं), पक्षी किंवा मासा (आपल्या बोलीतलं नाव आधी), किती, काय करत होता, बघणाऱ्याचं नाव. अमावास्या-पौर्णिमेला एकदा, म्हणजे महिन्यातून दोनदा, ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी बघायचं. गुराखी पोरं सांगतील, शाळेतल्या मुली लिहितील, म्हातारी माणसं चुकलेलं दुरुस्त करतील. काही दिसलं नाही तर 'काही दिसलं नाही' असं लिहायचं. तीही नोंदच आहे. दुर्बीण नसली तरी चालतं, आपल्याला पक्षी चालीवरून आणि आवाजावरून कळतो.

पुढच्या ग्रामसभेत मांडायला ठरावाचा मसुदा खाली देतो. गावाच्या गरजेप्रमाणे बदल करून घ्या.

"आजच्या ग्रामसभेत सर्वानुमते ठरले की, आपल्या गावाच्या पारंपरिक हद्दीतील नदी, ओहोळ, डोह व तळी ही आपली सामूहिक वनसंपत्ती आहे. तेथील पक्षी, मासे व इतर जीवांची नोंदवही ग्रामसभेची समिती ठेवील. ही वही सामूहिक हक्काच्या दाव्यास पुरावा म्हणून जोडण्यात येईल. पाण्यात विष टाकणे व पक्ष्यांना फासे लावणे यांस ग्रामसभेची बंदी राहील. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय या वहीतील माहिती कोणासही देण्यात येणार नाही."

ठरावावर बायांच्या सह्या-अंगठे पुरुषांइतकेच घ्या. पाण्यावर रोज त्याच जातात. तारीख घाला, जावक क्रमांक घाला, एक प्रत उपविभागीय समितीला पोचवा आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. ज्या वाडीनं ठराव केला, त्यांनी पुढच्या अंकासाठी कळवावं, आम्ही छापू.

जल, जंगल, जमीन आमची! ग्रामसभा जिंदाबाद!

— बिबवेवाडी, पुणे येथे राहणारे तुमचे कार्यकर्ते